डान मुखवटे: गोल डोळे आणि बारीक डोळे, फरक कशाचा?

काष्ठवेडा:
आयव्हरी कोस्टचा पश्चिम भाग आणि लायबेरियातल्या निम्बाकडचे डान लोकांचे लाकडी मुखवटे सध्या म्युझियमांच्या साइटवर बघतोय, नाद लागलाय नुसता. काहींचे डोळे बारीक फटीसारखे, कपाळ उंच, चेहरा एकदम शांत, आणि काहींना मोठी गोल भोकं. ही कारागिराची आवड की मागे काही कारण असतं? खाली नुसतं 'मुखवटा, लाकूड' लिहितात, त्यावरून काय कळणार?

रानवाटा:
कारण आहेच. गोल डोळ्यांचे बरेचसे शर्यतीचे, गुन्ये गे, पळताना घालणाऱ्याला नीट दिसायला हवं ना. मुखवटेवाला आणि बिनमुखवट्याचा यांच्यात शर्यत लागते. दुसरे आगीवर नजर ठेवणारे, उत्तरेकडच्या गवताळ भागात कोरड्या दिवसांत दुपारचा वारा सुटायच्या आत बायकांनी चुली विझवल्यात का हे बघत गावभर फिरतात, डोळ्यांभोवती बऱ्याचदा लाल कापड असतं. बारीक डोळ्यांचा तो देआंगले, रूप बाईचं पण घालणारा पुरुषच. मुलांचा सुंतेचा कॅम्प रानात असतो तेव्हा हा गावात येऊन बायकांकडून त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातो.

सागसावली:
बरोबर, पण नुसत्या डोळ्यांवरून काम ठरवू नका प्लीज. डान लोकांच्या दृष्टीने गे म्हणजे रानातली शक्ती, ती एखाद्याच्या स्वप्नात येऊन आपल्याला कुठल्या रूपात गावात यायचंय ते सांगते आणि मग मुखवटा कोरला जातो. पुढे त्याचा मान वाढला तर शर्यतीचा मुखवटासुद्धा भांडणं मिटवणारा होऊ शकतो, लाकूड तेच, काम वेगळं! लायबेरियात गांटाला मिशनरी डॉक्टर असलेल्या जॉर्ज हार्लीने ढिगाने मुखवटे जमवले, त्यातले बरेच हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये आहेत. पण काचेमागे दिसतो तो फक्त चेहरा. राफियाचा (ताडासारख्या झाडाच्या तंतूंचा) घेरदार घागरा, डोक्यावरचा साज, ढोल, सोबत चालणारा आणि त्याचं बोलणं लोकांना समजावून सांगणारा माणूस, हे सगळं धरून गे होतो, म्हणून मला तरी त्या एका ओळीच्या लेबलांचा खरंच राग येतो.

काष्ठवेडा:
भारी माहिती, थँक्स दोघांना! आणि ते तळहाताएवढे छोटे मुखवटे? ते तोंडावर बसणारच नाहीत.

रानवाटा:
ते घालायचे नसतातच. माणूस स्वतःजवळ ठेवतो, प्रवासातही नेतो, रक्षण होतं म्हणून. त्याला तेल, अन्न वाहतात, त्यामुळे जुन्यांवर जाड काळपट थर चढलेला दिसतो. विकणारे 'पासपोर्ट मास्क' म्हणतात, त्या नावाने शोध, बरेच फोटो मिळतील.