मदत हवी आहे: बॅटरी बदलल्यावर सेन्सर नोडचा काउंटर सुरक्षितपणे कसा जुळवायचा?

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाक्यांची पाणीपातळी मोजणारे नोड बसवतोय. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर, एसएक्स१२७६ रेडिओ, ८६५-८६७ मेगाहर्ट्झ पट्टा. लोरावॅन (लोरा रेडिओसाठीची तयार नेटवर्क पद्धत) नाही, नोड थेट गेटवेशी, म्हणजे सगळ्यांचे संदेश घेणाऱ्या मुख्य यंत्राशी, बोलतात. या रीडिंगवर पंप आपोआप चालू-बंद होणार, त्यामुळे खोटं रीडिंग घुसलं तर टाकी वाहील किंवा वरच्या मजल्यांवर पाणीच पोचणार नाही. माझी मुख्य काळजी तीच आहे.

संदेश एईएस-१२८ सीसीएम या पद्धतीने एन्क्रिप्ट आणि प्रमाणित होतात. गच्चीवर कोणीही जाऊ शकतं, म्हणून प्रत्येक नोडची की (गुप्त किल्ली) वेगळी ठेवली आहे. एक नोड चोरीला गेला तरी बाकीचे वाचतील. जुनं पॅकेट रेकॉर्ड करून पुन्हा पाठवलं तर दर संदेशागणिक वाढणारा काउंटर पाहून गेटवे ते नाकारतो, हे तपासून झालंय.

अडचण बॅटरी काढली की येते. काउंटर शून्यावर जातो, गेटवे खरे संदेशही नाकारतो, आणि त्याच कीसोबत तोच नॉन्स (काउंटरपासून बनणारा, एका कीसोबत एकदाच वापरायचा आकडा) पुन्हा वापरला जातो. सीसीएममध्ये हे फार धोक्याचं. प्रत्येक संदेशानंतर काउंटर फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून पाहिला, पण त्याने फ्लॅश लवकर झिजेल.

नोड संदेश पाठवल्यावर थोडा वेळच ऐकतो, बाकी वेळ झोपलेला. गच्चीवर वीज नाही. वेगळी सिक्युरिटी चिप बजेटमध्ये बसत नाही.

अशा वेळी दर १०० संदेशांनी काउंटर लिहून, चालू होताना १०० ने पुढे उडी मारणं पुरेसं आहे, की दर वेळी गेटवेकडून नवा यादृच्छिक आकडा घेऊन सेशन की (तेवढ्या सत्रापुरती की) बनवावी?