गरोदरपणाचा सातवा आठवडा, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं) ४.८: काळजीचं आहे का?

प्रश्न: थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) ५० मायक्रोग्रॅम आधीपासून चालू आहे, तरी ४.८ आलंय. बाळाला धोका आहे का?

उत्तर: घाबरू नका, पण वेळही घालवू नका. सुरुवातीचे तीन महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं, म्हणून गरज वाढते. डोस सहसा २०-३० टक्के वाढवतात, म्हणजे आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या. आजच डॉक्टरांना विचारा. टीएसएच २.५ च्या खाली हवं. दर ४ आठवड्यांनी तपासा.

उत्तर: गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घेता ना? लोह-कॅल्शियम ४ तासांनंतरच. एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. गडबड बऱ्याचदा इथेच असते!

उत्तर: केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर तपासणीआधी २ दिवस बंद ठेवा. त्याने टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं.