माँटेसरी, वॉल्डॉर्फ आणि नई तालीम : एकाच वर्गात कसं जमवायचं?

शेवंती

आमची छोटी मराठी शाळा आहे, पुण्यापासून तासाभरावर. पहिली ते चौथी, मुलं ५८, ताया पाच. मी पहिली-दुसरी एकत्र घेते.

शाळा सुरू करणाऱ्यांनी जे जे चांगलं पाहिलं ते ते आणलं. सकाळी माँटेसरीची साधनं, म्हणजे मूल ती हाताळत आपापलं शिकतं; सव्वादहाला वॉल्डॉर्फसारखी, म्हणजे कला आणि कल्पनेवर भर देणाऱ्या पद्धतीची, गोष्ट आणि ओल्या कागदावर रंग; आठवड्यातून दोनदा नई तालीम, म्हणजे गांधीजींचं हातकामातून शिक्षण, म्हणून भाजीचे वाफे. कागदावर छान दिसतं.

गेल्या मंगळवारी दुसरीतला एक मुलगा चटईवर मण्यांची बेरीज मांडून बसला होता. चार आकडी. हजाराचा ठोकळा, शंभराचे चौकोन, दहाच्या काड्या, सुटे मणी. सव्वादहाला मी घंटी वाजवली. त्यानं वर बघितलं नाही. पुन्हा वाजवली. तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी सगळं गोळा केलं आणि डब्यात ओतलं. रडला नाही, भांडला नाही. गोष्टभर भिंतीला टेकून बसून राहिला. त्या दिवसापासून त्यानं मणी काढलेले नाहीत.

दुसरा घोळ वाचनाचा. माँटेसरीवाले चौथ्या-पाचव्या वर्षी खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवायला देतात, वॉल्डॉर्फवाले म्हणतात सात वर्षं होईपर्यंत घाई नको. आमच्या बालवाडीची ताई पहिलं करते, मी पहिलीत दुसरं करायचं असं ठरलंय! म्हणजे ज्यांना अक्षरं येतात ती मुलं माझ्याकडे येऊन थांबतात.

आणि वाफ्यांचं काय सांगू. मेथीचं गणित, मेथीची कविता, मेथीचा इतिहास. मुलांचं राहू दे, मलाच मेथी नकोशी झालीय.

परवा एक आई म्हणाली, "ताई, तुमच्याकडे सगळंच थोडं थोडं आहे." चिडून नाही, सहज म्हणाली. म्हणून जास्त लागलं. कोणी असं मिश्रण चालवलंय का?

---

दोन_पोरांचा_बाप

पालक म्हणून सांगतो, राग मानू नका. पद्धतीचं नाव काय याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. दिवाळीत घरी भाऊबंद जमतात, त्यांच्या इंग्रजी शाळेतल्या पोराला पाटी वाचायला लावतात आणि मग माझ्या पोराकडे बघतात. त्या दोन मिनिटांत काय बोलायचं, एवढं शाळेनं आम्हाला सांगितलं तरी पुष्कळ झालं. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, आम्ही नुसते हसलो.

---

जुन्या_बाई

शेवंतीताई, मी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत आणि नंतर नऊ वर्षं तुमच्यासारख्याच एका शाळेत काढली. हे सगळे घोळ आम्हीही घातलेत.

आधी ती घंटी कपाटात ठेवा.

माँटेसरीला सकाळचा सलग वेळ लागतो, जवळजवळ तीन तास. वॉल्डॉर्फचा मुख्य पाठही सकाळीच असतो, आणि एकच विषय तीन-चार आठवडे चालतो. दोघांनाही मुलाचं ताजं डोकं हवं. सकाळ एकच आहे, ती एकालाच मिळणार. तुम्ही अर्धी अर्धी वाटली आणि तुमच्या त्या पोरानं मणी डब्यात ओतले. आम्ही सकाळ कामाला दिली आणि गोष्ट जेवणानंतर नेली. एक विषय महिनाभर धरायची पद्धत मात्र ठेवली, कारण ती खरोखर चांगली आहे. (अवांतर: पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ मध्ये श्टुटगार्टला सिगारेटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. आज आपल्याकडे तिची फी ऐकली की हे आठवतं.)

वाचनाचं. चार की सात, हा वाद मिटायची वाट बघू नका. आधी आपली लिपी बघा. आम्ही हौसेनं माँटेसरीतल्यासारखे गुलाबी, निळा, हिरवा असे सोप्या ते अवघड शब्दांचे डबे केले होते. नंतर कळलं की ती विभागणी इंग्रजी स्पेलिंगसाठी आहे. आपली अडचण तिथे नाहीच. ती कुठे आहे ते मला एका मुलीनं दाखवलं. सुट्या अक्षरांनी 'मिरची' लावत होती. म ठेवला. वेलांटी उचलली आणि मच्या उजवीकडे ठेवली, कारण कानाला ती मनंतरच येते. मग र, मग ची. मी वाचलं, "मरिची." ती म्हणाली, "नाही ताई, मिरची!" आणि तिचं बरोबर होतं, लिपीच उलटी वागत होती. तेव्हापासून आम्ही ऱ्हस्व वेलांटी मुद्दाम उशिरा घेतो. बिनकान्याचे शब्द, मग काना, मग दीर्घ वेलांटी, ती आपली सरळ उजवीकडे बसते. बालवाडीच्या ताईंना आणि तुम्हाला एका चटईवर बसून हा क्रम ठरवावा लागेल. त्यात चार की सात हा प्रश्न बराचसा विरघळतो.

आणि मेथी. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली गेली तेव्हा हस्तोद्योगातून विकण्याजोगं काही निघावं हा मुद्दा होता. तुम्ही मेथी फक्त शिकवताय. इतिहास शोधू नका, मेथी विका. बियाणं केवढ्याला आणलं, जुड्या किती झाल्या, पावसानं किती गेल्या, उरले किती, हे वहीत लिहू दे. हिशेब चुकला की पैसे कमी भरतात, तुम्हाला लाल पेन लागत नाही. कविता सुचली तर सुचली.

मिश्रण कसं करतात ते पाहायचं तर बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागातलं काम बघा. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शिंपले, बिया, खडे आले. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी पाड्यातल्या अंगणात गेली. मोठी मुलं गुरांमागे जायची, तर कुरणशाळा निघाली, शाळाच कुरणावर. त्या बायका दोन पद्धती शेजारी शेजारी मांडत बसल्या नाहीत. समोरचं मूल कुठे आहे ते बघितलं आणि लागेल ते उचललं, बाकीचं टाकलं. टाकलं हे महत्त्वाचं. तुमच्या शाळेनं आजवर काय टाकलंय?

---

पाढेपंडित

जुन्या बाईंशी सहमत. मण्यांवरून एक भर.

'एकोणतीस आण' म्हटलं की बरीच मुलं तीन काड्या घेऊन येतात. तीस ऐकू येतं ना! मग एकीकडे नऊ सुटे मोजत बसतात आणि एकोणचाळीस होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस-बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी तेव्हा विरोधात होतो, आमचे पाढे कसे म्हणायचे म्हणून. पण मणी मांडताना मी आता दोन्ही म्हणतो. आधी 'वीस नऊ', मूल दोन काड्या आणि नऊ मणी आणतं, मग मी म्हणतो, "याचंच नाव एकोणतीस, तिसाला एक ऊन, म्हणजे एक कमी." एकदा एक मुलगी तीन काड्या घेऊन आली आणि म्हणाली, "यातला एक मणी तोडून द्या." साधन आणि भाषा यांचं मिश्रण म्हणायचं तर ते हे.

---

शेवंती

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

"काय टाकलंय" हा प्रश्न बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ओले रंग महिन्यातून एकदाच करायचे ठरले. मला ते फार आवडायचे, पण कागद वाळायला जागाच नसायची.

वेलांटीचा क्रम बालवाडीच्या ताईबरोबर लावला. पालकांसाठी एक पान लिहून दिलं, दोन_पोरांचा_बाप यांच्यामुळे. दिवाळीच्या आत दिलं.

मेथीच्या सतरा जुड्या झाल्या, दहा रुपयांना एक. बियाण्याचे साठ. मुलांनी एकशे दहा रुपये नफा काढला. चौथीतल्या एकीनं विचारलं, "आणि पाण्याचं बिल?" आता ते शोधतोय.

घंटी कपाटात आहे. तो मुलगा आठव्या दिवशी मण्यांकडे गेला, अकरापर्यंत बसला. बेरीज चुकली होती, मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तीच पुन्हा मांडली.

जुन्या बाई, एक विचारायचं राहिलं. गोष्ट जेवणानंतर नेली खरी, पण पहिलीतली सहा-सात जणं राक्षस यायच्या आधीच झोपतात. तुमच्याकडे काय करायचात?

---

जुन्या_बाई

झोपू द्यायचो. राक्षस दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.