प्रतिसाद: डिझेल आणि विजेपलीकडे

शेतीतली ऊर्जा म्हणजे ट्रॅक्टरचं डिझेल आणि पंपाची वीज, असं या चर्चेत बऱ्याच जणांनी धरलंय आणि सौरपंपांचं कौतुक केलंय. मग युरिया खताचं काय? तो ज्या अमोनियापासून बनतो, त्यातला हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून मिळवतात. 2022 मध्ये गॅस भडकला तेव्हा युरोपातल्या अनेक अमोनिया कारखान्यांना उत्पादन कमी करावं लागलं. शिवाय खतातल्या, पिकाने न उचललेल्या नत्राचा (नायट्रोजनचा) काही भाग मातीतले जीवाणू नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो!

सौरपंपांचं कौतुक मात्र मी जरा हात राखूनच करेन. डिझेल वाचतं, खरंय. पण उपसा फुकट झाल्यावर पंप बंद कोण करणार? भूजल खोल गेलंय तिथे निदान उरलेली वीज ग्रीडला (वीजपुरवठ्याच्या जाळ्याला) विकायची सोय तरी हवी, म्हणजे पंप बंद ठेवण्यात फायदा दिसेल.