विषय: भाच्याला कोर्टाची तारीख, दंड भरून मोकळं व्हावं का?

प्रेषक: सुजाता

नमस्कार मंडळी,

माझा भाचा इथे अमेरिकेत एम.एस. करतोय, एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. गेल्या आठवड्यात सेल्फ-चेकआउटवर दोन वस्तू स्कॅन न होताच त्याच्या पिशवीत गेल्या. दारात अडवलं, पोलीस आले आणि चोरीच्या आरोपाचा कागद हातात दिला. 18 तारखेला कोर्टात उभं राहायचंय. रूममेट म्हणतो, "गिल्टी म्हण, दंड भर, सुटशील." पोरगा धड जेवत नाहीये. पुण्याला ताईला अजून काही बोललेलो नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया लगेच लिहा.

प्रेषक: अविनाश

सुजाता,

रूममेटचं अजिबात ऐकू नका. मी वकील नाही, पण बारा वर्षं कोर्टात मराठी-हिंदी दुभाषा होतो. दुभाष्याला सल्ला देता येत नाही, त्यामुळे डोळ्यांदेखत मुलं चुकीच्या जागी सही करत असताना गप्प बसावं लागायचं. ते अजून सलतं.

गिल्टी म्हटलं की नुसता दंड झाला तरी इमिग्रेशनच्या कायद्यात तो दोषी ठरतो. "गुन्हा कबूल कर, वर्षभर नीट वाग, मग केस काढून टाकू" असंही सांगतील. राज्याच्या कोर्टात ती केस निघते, इमिग्रेशनच्या लेखी मात्र कबुली तशीच राहते. म्हणून वकिलाला पहिलं वाक्य सांगायचं: "मी एफ-1 वर आहे." कबुलीने देशाबाहेर जायची वेळ येऊ शकत असेल, तर अशिलाला तसं सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्यच आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2010 साली पॅडिला खटल्यात ठरवलंय. तरी इमिग्रेशनच्या वकिलालाही एकदा कागद दाखवाच.

"काका, वस्तू पिशवीत होत्या हे खरंय, मग 'नॉट गिल्टी' म्हणजे खोटं बोलणं नाही का?" असं मला बाकावर बसून कितीतरी मुलांनी विचारलंय. चांगल्या घरची मुलं, खोटं बोलायची भीती वाटते. पण त्या शब्दांचा तिथला अर्थ एवढाच, की आरोप सरकारने सिद्ध करावा. मुद्दाम चोरलं की विसरला, हाच तर सगळा वाद आहे.

आणि त्याला कुणाशी याबद्दल बोलू देऊ नका, दुकानाशी नाही, मित्रांशी मेसेजवरही नाही. आपल्याला ऐकताना "हं, हं" करायची सवय असते. पोलिसांच्या टेपवर तो होकार वाटतो.

तारीख चुकवायची नाही, वॉरंट निघतं.

प्रेषक: मनीषा

काका, गप्प राहायचा, वकील मागायचा हक्क आहे हे पोलिसांनी वाचून दाखवलं नसेल तर केस पडते ना?

प्रेषक: अविनाश

नाही गं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 1966 च्या मिरांडा निकालाप्रमाणे ताब्यात घेऊन चौकशी करण्याआधी ते हक्क सांगावे लागतात. न सांगता घेतलेली उत्तरं सहसा पुराव्यातून वगळली जातात, केस उभीच राहते. आणि अटक झालीच, तर भारतीय वकिलातीला कळवा असं आपण मागायचं असतं, आपणहून कळवायचं बंधन त्यांच्यावर नाही.

प्रेषक: सुजाता

काका, खूप आधार वाटला. युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांसाठी मोफत वकील आहे असं कळलं, उद्या सकाळी नऊची वेळ मिळालीय. कोर्टाचा कागद, आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटीने दिलेला कागद) आणि दुकानाची पावती घेऊन मी त्याच्यासोबत जातेय. ताईला आज रात्री फोन करते.