सांगलीची ई-बस: आधी गाड्या की आधी माणसं?

विश्रामबागकर:
ई-बस आधी आणायच्या की त्या सांभाळणारी पालिकेची माणसं आधी शिकवायची, यावर काल चहाच्या गाड्यावर भांडून झालं, आता इथं. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट 2023 ची, 10,000 गाड्यांची. 2011 च्या जनगणनेत 3 लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं पात्र. सांगली-मिरज-कुपवाड 5 लाखांवर, म्हणजे आपण बसतो. पण यात पालिका गाडी विकत घेत नाही. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, पालिकेनं धावलेल्या किलोमीटरमागे पैसे मोजायचे. त्यातला ठरलेला वाटा केंद्र 10 वर्षं देणार, 12 मीटरच्या गाडीला किलोमीटरमागे 24 रुपये, 9 मीटरला 22. गाडीत पाच माणसं असोत नाहीतर पन्नास, ठेकेदाराचं बिल तेवढंच! मग मार्ग आखणार कोण, किलोमीटर तपासणार कोण? आजवर शहरी गाड्या एसटीनं चालवल्या, पालिकेला ती सवय नाही. निविदेआधी पालिकेच्या चार-पाच जणांना भोसरीच्या सीआयआरटीत, म्हणजे रस्ते वाहतुकीचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत, धाडा. अनुदान त्यानंतर.

कुपवाड_सेकंड_शिफ्ट:
अजिबात पटलं नाही. रात्री अकराला कंपनीतून सुटल्यावर वडाप (शेअर जीप-रिक्षा) मिळालं तर मिळालं, नाहीतर पाय आहेत. तुमची माणसं शिकून येईपर्यंत आम्ही चालतच राहायचं का? आणि शिकलेल्या साहेबाची वर्षात बदली होते, मग परत भोसरी. गाड्या येऊ द्या ओ, चुकत चुकत शिकतील.

विश्रामबागकर:
चुकत शिकायला हरकत नाही, पण इथं चुकीचं बिल दर महिन्याला येतं. रिकामी गाडी दिवसभर फिरली तरी पैसे भरायचेच.

निवृत्त वाहक, मिरज:
दोघंही जरा थांबा. सकाळी मिरजेला दवाखान्यांची गर्दी असते, दुपारी तीच माणसं फाईल काखेत मारून परत फिरतात. कुठल्या फेरीला भारमान किती, म्हणजे किती जागा भरतात, हे आगारातल्या वाहतूक नियंत्रकाला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. असे निवृत्त झालेले दोघं-तिघं मानधनावर घ्या. पण करार वाचणं ही वेगळी विद्या, ती आम्हालाही येत नाही. फेरी रद्द झाली तर दंड किती, चार्जिंगला डेपोकडे गाडी रिकामी गेली तर ते किलोमीटर कुणाच्या माथी, हे पालिकेच्या लेखा विभागातल्या कायम क्लार्कला शिकवा. त्याची बदली झालीच तर खालच्या मजल्यावर होईल.

राजवाडा_ते_पोवई_नाका:
तुमचं भांडण तरी आहे! सातारा 3 लाखांच्या आतलं, आम्ही यादीतच नाही. आम्हाला एसटी आणि रिक्षा. पण एक विचारतो, 10 वर्षं संपल्यावर तो वाटा कोण भरणार? घरपट्टी वाढवणार?

कुपवाड_सेकंड_शिफ्ट:
वाहकदादा, तुमचं पटलं. क्लार्कला शिकवा, पण गाड्या अडवून नको. आणि राजवाडाभाऊ, दहा वर्षांनी मी रिटायर होतोय, मला उद्या रात्रीचं सांगा.

विश्रामबागकर:
बरं, साहेबांऐवजी क्लार्क, मान्य. निविदा आधी नको, यावर मात्र मी ठाम आहे. घरपट्टीवर नवा धागा काढतो.