रिचार्जेबल सेलवर १.२ च का लिहिलंय?

काकू (ए विंग): अहो कोणी सांगेल का, नातवाच्या गाडीसाठी रिचार्जेबल सेल आणलेत पण त्यावर १.२ व्होल्ट लिहिलंय, साध्यावर १.५ असतं. परत करू का?

दादा (बी विंग): काकू अजिबात नका करू. १.५ हे साधा अल्कलाइन सेल नवाकोरा असतानाचं, वापरायला लागलं की ते उतरतच जातं, अर्ध्यावर येईपर्यंत तोही १.२ च्या आसपासच असतो. हे तुमचे निकेल मेटल हायड्राइडवाले रिचार्जेबल मात्र चार्ज संपत येईपर्यंत १.२ ला धरून राहतात, आणि मोटरला एकदम जास्त करंट लागतो तोही हे छान देतात. गाडी, टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश, सगळीकडे हेच घाला.

ताई (सी विंग): मग भिंतीवरच्या घड्याळात पण?

दादा (बी विंग): तिथे अल्कलाइनच बरा ताई. घड्याळ इतकं कमी ओढतं की एक सेल वर्षभर सहज जातो. रिमोटचंही तेच.

काका (ए विंग): साधे सेल पण चार्जरमध्ये लावले की थोडे चार्ज होतात म्हणे

दादा (बी विंग): काका प्लीज नका लावू!! रिचार्जेबलमध्ये हायड्रोजन एका इलेक्ट्रोडकडून दुसरीकडे जातो आणि चार्ज केला की परत येतो, बाकी रचना जवळपास तशीच राहते म्हणून ते शेकडो वेळा चालतात. अल्कलाइनमध्ये झिंकचं ऑक्साइड होतं, ते उलटं फिरवायला गेलं की झिंक पहिल्यासारखं जागेवर बसत नाही, वर आत गॅस होतो आणि सेल तर सीलबंद, मग गळतो नाहीतर फुटतो. गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडी भाजते त्याने, घरात लहान मुलं आहेत.

काका (ए विंग): बरं झालं सांगितलंस, आजच काढतो

काकू (ए विंग): आणि पूर्ण संपवूनच चार्ज करायचे ना?

दादा (बी विंग): ते जुन्या निकेल कॅडमियमवाल्या रिचार्जेबल सेलचं काकू. हे अर्धे असताना लावले तरी चालतात, उलट अगदी तळाला जाऊ देऊ नका. गाडी मंदावली की लगेच काढा. आणि जुने नवे एकत्र घालू नका, त्यातला कमजोर आधी संपतो, बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि तो कायमचा जातो.

काकू (ए विंग): मग चारही सेलवर पेनाने खूण करून ठेवते, एकत्रच वापरेन